निकाल लागण्याआधी वर्षाचा हिशेब

शेवटचा पेपर आणि निकाल यांच्या मधला काळ हा कॉलेजच्या वर्षातला सगळ्यात मोकळा काळ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाने परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत निकाल लावायचा असतो. म्हणजे महिना-दीड महिना आपल्या हातात. त्यात गावी जायचं असतं, राहिलेली झोप पुरी करायची असते, सिनेमे बघायचे असतात. हे सगळं जरूर करा. पण त्यातली एक दुपार बाजूला काढा आणि सरलेल्या वर्षाचा हिशेब लिहून ठेवा. तोही निकाल हातात येण्याआधी.

घाई अशासाठी की निकाल लागला की वर्षाच्या आठवणींचा रंगच पालटतो. ज्या पेपरात चांगले गुण पडले तो विषय आपल्याला येतच होता असं वाटायला लागतं. ज्यात कमी पडले तो विषय मुळातच रटाळ होता अशी समजूत होऊन बसते. दोन्ही खरं असेलच असं नाही. त्या दिवशी त्या दोन तासांत कागदावर काय उतरलं, एवढंच गुणपत्रिका सांगते. अभ्यासाची कोणती रीत कामी आली आणि कोणत्या रीतीत नुसताच वेळ गेला, हे तिच्यात कुठेही छापलेलं नसतं. ते आपल्यालाच ठाऊक असतं, आणि तेही आठवणी ताज्या आहेत तोवर.

मी नुकतीच एस.वाय. बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मोकळी झाले आहे. विषय रसायनशास्त्र, कॉलेज पुण्यात, मुक्काम हॉस्टेलवर. वर्ष मोठं मजेचं गेलं. ढोलपथक, एकांकिकेच्या तालमी, एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, जर्नलची धावपळ आणि दोन सेमिस्टरच्या परीक्षा. हिशेब मांडायला बसले तेव्हा कळलं की अभ्यास कसा करावा, हे मला बरंचसं अभ्यासिकेबाहेरच उमगलं. त्यातलं जे तुमच्या उपयोगी पडेल ते इथे सांगते. एफ.वाय.मधून वर येणाऱ्यांसाठी आणि बारावी करून कॉलेजात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी खास.

प्रत्येक विषयाला तीन प्रश्न

एक साधी वही घ्या. जितके पेपर झाले तितकी पानं लागतील. प्रत्येक पानावर वर विषयाचं नाव आणि खाली तीन प्रश्न.

पहिला प्रश्न: पुस्तक न उघडता या विषयातलं आज मला काय काय सांगता येतं? आठवेल तसं, तुटक का होईना, लिहीत जा. व्याख्या, सूत्र, आकृती, एखादं उदाहरण, सरांनी फळ्यावर काढलेला आलेख, काहीही चालेल. पंधरा मिनिटं झाली की थांबा.

दुसरा प्रश्न: जे आठवलं ते माझ्याकडे आलं कुठून? वर्गातून, प्रॅक्टिकलमधून, मैत्रिणीला समजावताना, की परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स नोट्समधून? प्रत्येक मुद्द्यापुढे एका शब्दात लिहा. हा रकाना सगळ्यात बोलका असतो. जे सविस्तर उतरतं ते बहुतेक वेळा कुणाला तरी समजावून सांगितलेलं असतं किंवा हाताने करून पाहिलेलं असतं. रात्रभर जागून वाचलेलं पेपरापुरतं टिकलेलं असतं आणि पंधरा दिवसांनी त्याची फक्त शीर्षकं उरतात.

तिसरा प्रश्न: यातलं पुढच्या वर्षी काय लागणार आहे? उत्तरासाठी पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो विषयवार, घटकवार दिलेला असतो. रसायनवाल्यांना थर्मोडायनॅमिक्स आणि ऑरगॅनिक रिअॅक्शनच्या मेकॅनिझम पुन्हा भेटणारच. कॉमर्सवाल्यांना पहिल्या वर्षाच्या अकाउंट्सवाचून पुढचे हिशेब जमायचे नाहीत. भाषा किंवा इतिहास घेतलेल्यांना कालखंडांचा क्रम पुढेही लागतो. जे लागणार आहे आणि आठवत नाही, त्याखाली रेघ मारा. सुट्टीत तेवढंच वाचायचं. सगळा विषय पुन्हा घेऊन बसायची गरज नाही.

अशी पाच-सहा पानं भरली की आपल्या अभ्यासाची चाल डोळ्यांसमोर येते. माझ्या वहीतून एक गोष्ट ठळकपणे वर आली, आणि पुढचं सारं तिच्याभोवती फिरतं: नुसतं वाचून फार थोडं टिकतं, पुस्तक मिटून आठवलं की टिकतं.

तालमीत पाठांतर कसं होतं

पुण्यातल्या कॉलेजांमध्ये जुलै-ऑगस्टला पुरुषोत्तम करंडकाचं वारं असतं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते आहे. भरत नाट्य मंदिरात आपल्या कॉलेजच्या नावाचा गजर ऐकण्यासाठी मुलं महिनामहिना तालमी करतात. मी प्रॉम्प्टरच्या जागेवर होते. संहिता हातात आणि नजर नटांवर.

प्रॉम्प्टरला एक गोष्ट फार जवळून दिसते. जो नट संहिता हातात धरून संवाद वाचत राहतो, त्याला रोज वाटतं की आता पाठ झालं. कागद बाजूला ठेवायला सांगितला की दुसऱ्याच वाक्याला तो थांबतो. जो पहिल्याच आठवड्यात कागद खाली ठेवतो तो सुरुवातीला सारखा अडखळतो, शब्द मागतो, पुन्हा सुरू करतो. दोन आठवड्यांनी तोच सगळ्यात पुढे असतो. अडखळून, क्षणभर शोधून, मग मिळालेला शब्द घट्ट बसतो. आपणहून न शोधता कुणी पटकन पुरवला तर तोच शब्द उद्या पुन्हा निसटतो. म्हणून आमचा दिग्दर्शक मला सांगायचा, लगेच सांगू नकोस, त्याला दोन क्षण शोधू दे.

अभ्यासाचंही हेच आहे, आणि हे प्रयोगांनी तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून, मिटून, आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत अशी की आपल्याला जास्त लक्षात राहील, हा भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. पान ओळखीचं झालं की ते येतंय असं वाटतं. पानावरचं ओळखणं सोपं असतं, कोऱ्या कागदावर ते उभं करणं वेगळं. परीक्षेत दुसरंच मागितलं जातं.

तेव्हा हायलायटर थोडा बाजूला ठेवा. रंगवलेलं पान सुंदर दिसतं, पण रंगवताना डोकं फारसं शोधाशोध करत नाही. अभ्यासाच्या दहा प्रचलित रीतींचा आढावा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली घेतला. त्यात अधोरेखन आणि पुनर्वाचन यांचा उपयोग कमी ठरला. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणं, या दोन रीती सर्वांत वरच्या ठरल्या.

दहा मिनिटांचं गणित

आता हे रोजच्या धबडग्यात बसवायचं कसं? त्यासाठी क्रेडिटचा अर्थ ध्यानात घ्या. एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. २ क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे ३० तासिका. प्रत्येक तासिकेनंतर त्याच दिवशी फक्त दहा मिनिटं दिली, तर सगळ्या सेमिस्टरमध्ये त्या पेपरवर मिळून पाच तास होतात. एवढे तास आपण परीक्षेच्या आदल्या एका दिवसात सहज घालवतो. फरक एवढाच की हे पाच तास चार महिन्यांवर पसरलेले असतात.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेली निरर्थक अक्षरं किती वेगाने विसरली जातात, हे त्याने मोजलं. सगळ्यात जास्त गळती सुरुवातीच्या काही तासांत होते, पुढे तिचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी हवी. ती लहान असली तरी चालते.

त्या दहा मिनिटांत करायचं ते असं:

वही मिटा. कोऱ्या कागदावर आजच्या तासाचे तीन मुद्दे आणि एक शंका लिहा. मग वही उघडा आणि राहिलेलं किंवा चुकलेलं वेगळ्या शाईने भरा. वेगळ्या शाईचा मजकूर हाच तुमचा खरा अभ्यास. उद्या तो तास सुरू होण्याआधी फक्त तेवढंच बघा.

रविवारी आठवड्याचे कागद घेऊन प्रत्येक मुद्द्याचा एक प्रश्न करा. कार्डावर किंवा वहीच्या मागच्या पानावर लिहा. उत्तर लिहायचं नाही, प्रश्नच साठवायचे.

महिन्यातून एकदा तीन-चार जणी, तीन-चार जण एकत्र बसा. ज्याने प्रश्न काढला त्याने उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्याने द्यायचं. आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर जेवणानंतर हा कार्यक्रम चालायचा आणि त्यात हसणंच जास्त असायचं. पण जी प्रक्रिया गच्चीवर उभं राहून समजावली, ती पेपरात न शोधता आली. एक पथ्य पाळा. बैठकीला तासाची मर्यादा ठेवा आणि त्यानंतर गप्पांना मोकळं रान द्या. नाही तर गप्पाच होतात आणि पुढच्या वेळी कुणी येत नाही.

प्रश्न आपले आपण काढायचं आणखी एक कारण आहे. राज्यातल्या संलग्न कॉलेजांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाला आणि मग वर्षागणिक वर चढत गेला. त्यामुळे पूर्वीसारखा जुन्या प्रश्नपत्रिकांचा जाडजूड संच प्रत्येक विषयाला मिळत नाही. जे आहेत ते ग्रंथालयातून जरूर घ्या, पण प्रश्नपत्रिकेवरचं पॅटर्नचं वर्ष बघून घ्या. पुढचा भरवसा अभ्यासक्रमाच्या पानावर. तिथे प्रत्येक घटकाला किती तासिका आहेत हे दिलेलं असतं. ज्या घटकाला जास्त तासिका, त्यावर जास्त प्रश्न तयार ठेवा.

जर्नल त्याच दिवशी

सायन्सच्या मुलामुलींसाठी जर्नल म्हणजे वर्षाचं अर्धं पुण्य. प्रमाणित जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी सबमिशनच्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये मांडी घालून एकमेकांच्या जर्नलवरून उतरवणं चालू असतं. त्या दिवसांची मजा वेगळी आहे हे मला मान्य आहे. एकाच वडापावाचे चार वाटे तिथेच होतात. पण प्रॅक्टिकल झाल्यावर ब्युरेट धुऊन उलटी लावली की तिथेच, त्याच टेबलावर निरीक्षणं आणि गणित पुरं करावं. शिक्षक समोर असतात, सही लगेच मिळते आणि चूक असेल तर त्याच वेळी कळते.

याहून मोठा फायदा ओरलला होतो. बाहेरून आलेले परीक्षक जर्नल उघडून कृती विचारत नाहीत, कारण विचारतात. पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला वेगळा इंडिकेटर का लागत नाही? कारण त्याचा स्वतःचाच रंग शेवटचा थेंब दाखवतो. आम्ल म्हणून सौम्य सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक का नाही? कारण परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडेशन करतं आणि रीडिंग वाढतं. ऑक्झॅलिक अॅसिड साधारण ६०-७० अंशांना गरम का करायचं? कारण थंडीत ही अभिक्रिया फार संथ असते. ब्युरेटमध्ये वरची रेषा का वाचायची? गडद द्रावणात खालची दिसत नाही म्हणून. जर्नलमध्ये प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी, पेन्सिलने, असे तीन ‘का’ लिहायची सवय लावा. उत्तर त्याच दिवशी मॅडमना विचारा. ज्यांच्या विषयात प्रयोग नाहीत त्यांनी प्रोजेक्टच्या प्रत्येक प्रकरणाला हीच सवय लावावी. हाच स्रोत का निवडला? हाच काळ का घेतला?

सणासुदीचं सेमिस्टर

पहिलं सेमिस्टर जून-जुलैला सुरू होतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला परीक्षा येते. मधे पाऊस, स्पर्धा, गणपती, नवरात्र. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये शिबिर, गॅदरिंग आणि लगेच मार्च-एप्रिल. कागदावर चार महिने दिसतात, शिकण्याचे मात्र तेरा-चौदा आठवडेच हाती लागतात.

यातलं काही सोडा, असं मी म्हणणार नाही. कॉलेजचं वर्ष म्हणजे या गोष्टीही आहेत. शिबिरात गावच्या शाळेच्या भिंती रंगवताना, चारशे माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज काढताना, सरपंचांशी बोलताना जे शिकायला मिळतं ते कुठल्या युनिटमध्ये नसतं. नव्या रचनेत अशा सहअभ्यासक्रमी उपक्रमांना क्रेडिटही आहेत. पण एका सेमिस्टरला एकच मोठी गोष्ट निवडा. पथक किंवा एकांकिका. दोन्ही एकाच पावसाळ्यात घेतली की दोन्हीकडे अपुरे पडतो आणि इंटर्नल हातची जाते.

इंटर्नलचं महत्त्व नीट समजून घ्या. २ क्रेडिटचा पेपर ५० गुणांचा आणि त्यातले १५ अंतर्गत, अशी रचना असेल तर ते ३० टक्के झाले. चाचणी, सादरीकरण, असाइनमेंट यांतून हे गुण सेमिस्टरच्या मध्यावरच मिळतात. विभागणी विद्यापीठागणिक आणि स्वायत्त कॉलेजागणिक वेगळी असते. उत्तीर्ण होण्याची अट कुठे स्वतंत्र, कुठे एकत्रित असते. पहिल्याच आठवड्यात आपल्या कॉलेजचा नियम वाचून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तालमी सुरू होण्याआधी इंटर्नलच्या तारखा विचारून घ्या आणि त्या दिवसांची सुट्टी दिग्दर्शकाकडून किंवा पथकप्रमुखाकडून आधीच मागा. आधी सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही.

आणखी एक काम पहिल्याच महिन्यात उरका. डिजिलॉकरवरून अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडा. नाव आणि जन्मतारीख आधारवर आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर सारखी आहे ना, ते तपासा. निकालानंतर क्रेडिट जमा झाली का, ते तिथेच दिसतं. नावातलं एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीसाठी ऐन प्रवेशाच्या वेळी हेलपाटे पडतात.

आदली रात्र आणि हॉलमधले दोन तास

आदल्या रात्री नवं काही उघडू नका. आपण काढलेले प्रश्न घ्या, उत्तरं मोठ्याने सांगा, अडलं तेवढंच बघा. आणि झोपा. झोपेत मेंदू दिवसभरचं शिकलेलं पक्कं करत असतो, तेव्हा जागरण करून आपण केलेल्याच अभ्यासावर पाणी टाकतो. चहाप्रेमींसाठी एक हिशेब. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कडक चहातलं निम्मं कॅफिन पहाटे तीनला अंगात असतं. टपरीवरचा चहा पेपर संपल्यावर घ्या, तेव्हा तो जास्त गोड लागतो.

सकाळी हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन चालणारी पेनं, पेन्सिल, साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि मनगटी घड्याळ एवढं पुरे. स्मार्टवॉच चालत नाही. केंद्रावर अर्धा तास आधी पोचा. बैठक व्यवस्था रोज बदलू शकते आणि फलकाभोवती गर्दी असते. कॉरिडॉरमध्ये ‘हे आलं तर?’ म्हणत फिरणाऱ्यांपासून पेपर सुरू होईपर्यंत प्रेमाने लांब राहा.

प्रश्नपत्रिका हाती आली की आधी विषय, कोड आणि पॅटर्न तपासा. जुन्या आणि नव्या पॅटर्नच्या परीक्षा एकाच वेळी चालू असतात आणि कधी कधी दुसराच कागद समोर येतो. तसं वाटलं तर लगेच पर्यवेक्षकांना सांगा. मग वेळेचं गणित. समजा ३५ गुणांना दोन तास आहेत. वाचायला आणि शेवटी तपासायला मिळून पंधरा मिनिटं काढा. उरली १०५ मिनिटं, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. चार गुणांच्या टिपेला बारा मिनिटं झाली की पुढे चला. आवडत्या प्रश्नाला वीस मिनिटं देऊन चाराचे पाच गुण होत नाहीत, पण शेवटचा प्रश्न सुटला तर त्याचे पूर्ण गुण जातात.

सगळ्यात चांगला येणारा प्रश्न आधी घ्या. प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्नाचं अक्षर समासात ठळक लिहा. नवा प्रश्न नव्या पानावर सुरू करा. आकृती पेन्सिलने, नावांसहित. संख्यात्मक उदाहरणात सूत्र, किंमती, एकक या तिन्ही पायऱ्या दाखवा, कारण उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळू शकतात. पुरवणी घेतली तर तिचा क्रमांक नोंदवा आणि ती नीट बांधली आहे ना ते बघा. एखादं उत्तर आठवतच नसेल तर जागा सोडून पुढे जा. दुसरं काही लिहिताना ते वर येतं. तरी नाहीच आलं, तर व्याख्या आणि एखादं उदाहरण तरी लिहा.

पेपर संपल्यावर पायऱ्यांवर बसून उत्तरं जुळवू नका. त्याने दिलेला पेपर बदलत नाही, उद्याचा मात्र बिघडतो. ज्या मैत्रिणीचा पेपर अवघड गेला तिच्यासोबत मेसला जा आणि दुसऱ्या कशावर तरी बोला.

निकालाचा दिवस

मग निकाल लागतो. गुण अपेक्षेइतके असतील तर घरी फोन करा आणि ज्या शिक्षकांनी शिकवलं त्यांना भेटून या. हे फार थोडे जण करतात आणि शिक्षकांना फार बरं वाटतं.

गुण फारच कमी वाटले तर घाईने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरू नका. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते, तेव्हा परिपत्रक निघालं की त्याच दिवशी वाचा. छायाप्रत आली की तीन गोष्टी बघा: बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर किंवा पुरवणी तपासायची राहिली आहे का, आणि आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानावर आले आहेत का. मग विषयाच्या शिक्षकांना दाखवा. ते म्हणाले की वाढ होण्यासारखी आहे, तर पुनर्मूल्यांकनाला पैसे घाला. तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मिळणं हा विद्यार्थ्याचा माहिती अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिलेला आहे. त्यामुळे छायाप्रत मागताना संकोच नको.

केटी लागली तर एटीकेटीचा नियम वाचा. ठरावीक मर्यादेपर्यंत राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाता येतं, आणि ते विषय नियमाप्रमाणे पुढच्या परीक्षेत देता येतात. अंतर्गत गुण कायम राहतात की पुन्हा द्यावे लागतात, हे ऑफिसात विचारून घ्या. केटीचा विषय पुढच्या सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यातच धरा, तेव्हा बाकीचा भार कमी असतो. आणि त्या विषयाच्या हिशेबाच्या पानावरचा दुसरा प्रश्न पुन्हा वाचा. माहिती आली कुठून? बहुतेक वेळा तिथेच कळतं की विषय अवघड नव्हता, तो फक्त वाचलेला होता, आठवून पाहिलेला नव्हता.

निकालाने कुणी फारच खचलं असेल, बोलणं बंद झालं असेल, जेवणखाण सुटलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. खोलीवर जा, सोबत बसा, घरी कळवायला मदत करा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा. गुण पुढच्या परीक्षेत वाढवता येतात. माणूस जवळचं आहे, त्याला आधी सांभाळायचं.

सुट्टीतलं शेवटचं काम

हिशेबाची पानं भरून झाली, रेघ मारलेले मुद्दे वाचून झाले, की वर्षभर साठवलेले प्रश्न हाती उरतात. ते रद्दीत देऊ नका. विषयवार लावा, प्रत्येक प्रश्नापुढे घटकाचं नाव लिहा, आणि जे प्रश्न किंवा त्यांच्या जवळपासचे परीक्षेत आले त्यांच्यापुढे खूण करा. मग ते पुढच्या तुकडीला द्या. अभ्यासक्रम नवा आहे, जुन्या प्रश्नपत्रिका थोड्या आहेत, आणि तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या, कॉलेजात कुणीही ओळखीचं नसलेल्या मुलीला असा संच कुठून मिळणार? ग्रंथपालांना भेटून विभागाच्या नावाने एक फाइल ठेवून द्यायला सांगा. त्यात उत्तरं घालू नका. उत्तरं शोधण्यातच तिचा अभ्यास होणार आहे, आणि वर्षाच्या शेवटी ती त्यात आपले प्रश्न घालून फाइल पुढे देईल.